आठ वर्षांचा मुलगा गोष्ट ऐकून झोपायच्या ऐवजी जास्तच जागा होतो, काय करावं?

गोष्ट नवी किंवा थरारक असेल तर असंच होणार. झोपवायला ओळखीची, संथ आणि शेवट आधीच ठाऊक असलेली गोष्ट घ्या. पुढं काय होणार ही उत्सुकताच मुलाला जागं ठेवते. पाठ असलेल्या गोष्टीत शोधायला काही उरत नाही, आणि शाळेतल्या कुरबुरींवरून मनही हटतं.

मोबाइल-टीव्ही तासभर आधी बंद. पाणी, लघवी, दप्तर उरकलं की मोठा दिवा मालवा आणि पडल्या पडल्या 10 ते 15 मिनिटं सांगा. भुताखेताचं नको. आपल्याकडं हुरड्याची गोष्ट छान चालते: बैलगाडीतून शेतात जाणं, आगटीत ज्वारीची कणसं भाजणं, गरम कणीस हातावर चोळणं आणि फुंकर मारून कोंडा उडवणं. ही फुंकर लांब, सावकाश मारा, त्यालाही मारायला लावा. श्वास आपोआप संथ होतो. (पोट मात्र भरलेलं असू द्या, नाहीतर मध्येच भूक लागते.) शेवटी आवाज उतरवत न्या. “मग?” विचारलं तर नवा प्रसंग जोडू नका, शेवटचंच वाक्य आणखी हळू म्हणा. बहुतेक जण इथंच फसतात. किमान दोन आठवडे तीच गोष्ट ठेवा.

मात्र मूल रोज घोरत असेल किंवा तोंडानं श्वास घेत असेल तर गोष्टीनं भागणार नाही. टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलेत का, हे बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.