सावली शिकवायच्या आधी

मुलांना सावली शिकवणार आहात ना? मग पहिल्या तासाला पुस्तक उघडूच नका. 'सावली म्हणजे काय?' असं विचारलंत तर पाठ केलेली व्याख्या मिळेल, बाकी काही नाही. त्यापेक्षा एकेक कोरा कागद द्या. मैदानातल्या खांबाची सावली सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला कशी पडते ते काढू द्या, सूर्यासकट. नाव घालायला लावू नका, नाहीतर हुशार मुलाचं चित्र वर्गभर फिरतं.

बाराच्या चित्रात बहुतेकांची सावली गायब असेल. सूर्य रोज बाराला डोक्यावर येतो, असं मोठ्यांनाही वाटतं! पुण्यात तो वर्षातून दोनच दिवस बरोबर माथ्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, तेही साडेबारानंतर. (मेमध्ये सुट्टी, जुलैत ढग.)

लगेच 'चूक' म्हणू नका. 'तुला असं का वाटतं?' एवढंच विचारा आणि उत्तर शब्दशः टिपून ठेवा. मग डिसेंबरात भरदुपारी मीटरभर काठी उभी करा. सावली जवळजवळ ९० सेंटिमीटर भरते. मुलं आपसात भांडू लागली की मध्ये पडू नका.