दोन दिवस समूह बंद ठेवून काय होणार?

प्रश्न : ताई, माझं वय 63, राहणार सदाशिव पेठ. दृष्टी जवळजवळ गेली आहे, फोन सगळं वाचून दाखवतो. नाट्यसंगीताच्या एका ऑनलाइन समूहात मी सहा वर्षं आहे. ज्या बाहेरच्या अ‍ॅपमधून मी तिथे जायचो, त्याला कंपनीने आता मज्जाव केला. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये मला काहीच सापडत नाही. मंडळी निषेध म्हणून दोन दिवस समूह बंद ठेवणार म्हणतात. त्याने काय होणार? माझ्यापायी सगळ्यांना त्रास, याचंही ओझं वाटतं.

उत्तर : काका, ते ओझं आधी उतरवून ठेवा. हक्काचं मागताय तुम्ही.

पत्र वाचलं आणि माझ्या फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू करून, डोळे मिटून एका अ‍ॅपमध्ये शिरले. ‘बटन. बटन. अनलेबल्ड बटन.’ म्हणजे नाव नसलेलं बटन. उत्तर द्यायचं बटन कुठलं आणि पोस्ट उडवायचं कुठलं, कळेना. दहा मिनिटांत जीव मेटाकुटीला आला.

2023 मध्ये रेडिट या चर्चा-समूहांच्या संकेतस्थळावर हेच घडलं. बाहेरच्या अ‍ॅपसाठी कंपनीने असे दर लावले की ‘अपोलो’ या अशाच एका बाहेरच्या अ‍ॅपच्या निर्मात्याने वर्षाला सुमारे 2 कोटी डॉलरचा हिशेब मांडला. निषेध म्हणून 12 जूनपासून हजारो समूह बंद राहिले. दर उतरले नाहीत, 30 जूनला अपोलो बंद झालं. पण अंध सदस्यांच्या समूहाने आपली अडचण नेमकेपणाने मांडली होती. बंद जाहीर झाल्यावर, तो सुरू व्हायच्या आधीच, अंध-अपंगांच्या सुलभतेसाठीच्या ना-नफा अ‍ॅपना त्या दरांतून सूट मिळाली. रेडरीडर हे अ‍ॅप त्यातलंच.

म्हणून मंडळींना सांगा, नुसतं ‘जाहीर निषेध’ लिहून थांबू नका. दोन ओळींत मागणी लिहा : अंध सदस्यांचं अ‍ॅप पुन्हा चालू द्या, आणि तुमच्या अ‍ॅपमधल्या प्रत्येक बटनाला नाव द्या. जुन्या पोस्ट मात्र वाचायला खुल्या राहू द्याव्यात, असं मला मनापासून वाटतं. कुठल्या नाटकातलं पद, कुणी गायलेलं, हे शोधत आलेल्या माणसाचं दार का लावायचं?

तुम्ही स्वतः कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. आपल्याकडच्या 2021 च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांत 2022 साली दुरुस्ती झाली. सेवा वापरकर्त्यांना सुलभ राहावी यासाठी वाजवी उपाय करणं तेव्हापासून कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रारीची पोच 24 तासांत मिळायला हवी. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. पोच जपून ठेवा, आणि फोन ते ‘बटन, बटन’ म्हणतो त्याचं रेकॉर्डिंग सोबत जोडा.

मसुदा लिहायला अडलं तर बोलून पाठवा, काका. मी टाइप करून देते.