लीड्सला एम.एस्सी.साठी जातोय, भारतातूनच वर्षभराचं घर बुक करावं का?

युनिव्हर्सिटीच्या हॉलमधली (म्हणजे वसतिगृहातली) खोली असेल तर खुशाल करा, पण खाजगी घर मात्र स्वतः किंवा तिथल्या ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय एक पाउंडही पाठवू नका. हेडिंग्लीत भाड्याने राहिल्यामुळे सांगतो: हाइड पार्क आणि हेडिंग्ली हे मुलांचे नेहमीचे भाग, पण तिथली बरीच घरं व्हिक्टोरियन काळातली, पाठीला पाठ लावून बांधलेली. उजेड-वारा एकाच बाजूने, त्यामुळे ओल धरते. जाहिरातीतल्या फोटोत ती दिसत नाही. कपाटामागची भिंत आणि खिडकीचे कोपरे बघा, काळी बुरशी तिथे सापडते. शिवाय:

- भाडं बहुतेकदा माणशी दर आठवड्याचं सांगतात. महिन्याचा हिशेब चाराने गुणून करू नका. 52 ने गुणा, 12 ने भागा. वीज-गॅस त्यात आहे का, तेही विचारा.
- 2019 च्या कायद्यानुसार डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा व्हायला हवं.
- यूकेतला जामीनदार मागतील. आपल्याकडच्या मुलांचं घोडं बहुधा इथेच अडतं.

सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर काउन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) माफ असतो. मात्र नोकरी करणारा मित्र सोबत राहायला आला, की बिल येतं. विद्यार्थी नसलेला असा एकच जण घरात असेल तर 25 टक्के सूट मिळते.