युरोपातली वर्तमानपत्रं रोमा लोकांबद्दल पूर्वग्रहाने लिहितात का?

बऱ्याचदा, हो. (रोमा म्हणजे युरोपात 'जिप्सी' म्हणून ओळखला जाणारा अल्पसंख्याक समाज.) ऑक्टोबर २०१३ चंच बघा. ग्रीसमधल्या फार्सालाजवळच्या रोमा वस्तीत पोलिसांना सोनेरी केसांची एक चिमुरडी दिसली. सांभाळणाऱ्या जोडप्याशी तिचा डीएनए जुळेना. झालं! रोमांकडे गोरं मूल कुठून, मुलगी पळवलेलीच, असं गृहीत धरून युरोपभर मथळे झळकले. पुढे कळलं, तिची खरी आई बल्गेरियातली रोमा बाईच. म्हणजे मुलगीही रोमाच! त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये पोलिसांनी दोन रोमा कुटुंबांतून एकेक गोरं मूल उचललं. डीएनएने दोन्ही त्याच घरची ठरली आणि परत गेली.

हक्कांच्या बातम्यांना मात्र एवढा मसाला नसतो. झेक प्रजासत्ताकात रोमा मुलांना सर्रास मंदबुद्धी मुलांच्या शाळांत घालत. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने नोव्हेंबर २००७ मध्ये हा भेदभाव असल्याचा निकाल दिला. तो किती जणांना आठवतो?

एक साधी कसोटी: आरोपी रोमा असला की जमात छापतात, बहुसंख्याक समाजातला असला की नुसतं नाव. (आपणही फार हसू नये. अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण दरोड्याच्या बातमीत 'पारधी टोळी' अजून छापून येतेच.)