पायथनच्या मिल्टरमध्ये स्वतःचा हेडर रेजेक्सने वाचला-लिहिला तर चालेल का?

नाही. (मिल्टर म्हणजे मेल सर्व्हरला जोडलेला, येणारी-जाणारी मेल तपासणारा प्रोग्राम; हेडर म्हणजे मेलच्या वरची 'नाव: व्हॅल्यू' अशी ओळ; रेजेक्स म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधायची पद्धत.) "ओळ घ्यायची, कोलनवर तोडायची, झालं" असं तुम्ही लिहिलंय. आधीच्या नोकरीत आमचे सिनियर हेच म्हणायचे, म्हणून लिहायला बसलो.

तिथे एका नगरपालिकेकडे येणाऱ्या तक्रारींच्या मेलना आम्ही 'एक्स-विभाग' हेडर लावायचो, व्हॅल्यू मराठीत. ती आरएफसी २०४७ या ईमेलच्या नियमावलीप्रमाणे एन्कोड करावी लागते, म्हणजे साध्या इंग्रजी चिन्हांत बदलावी लागते, आणि अशा एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) आणि बेस६४ (ते बाइट इंग्रजी चिन्हांत लिहायची पद्धत) यांचा हिशोब केला की तुकड्यात ४५ बाइट मावतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-वेलांटीसुद्धा, म्हणजे बरोबर १५ चिन्हं. सिनियरनी डोळे मिटून दर ४५ बाइटला कात्री लावली. टेस्टिंगला 'घनकचराव्यवस्थापन' घेतलं, सलग शब्द, पास झालं. मग 'पाणीपुरवठा व मलनिस्सारण' आलं. त्यातली स्पेस १ बाइटची! दोन स्पेसनी हिशोब सरकला आणि कात्री 'नि'च्या वेलांटीच्या मधोमध बसली. पुढच्या प्रोग्रामला विभाग ओळखूच येईना, पाण्याच्या सगळ्या तक्रारी 'इतर'मध्ये पडून राहिल्या. लोकांच्या नळाला पाणी नाही आणि इकडे सिनियर म्हणतात, दोष वाचणाऱ्या प्रोग्रामचा. साफ चूक. एक चिन्ह दोन तुकड्यांत तोडायचं नाही, हे २०४७मध्येच स्पष्ट लिहिलंय. मी तेव्हाही हेच सांगत होतो.

तेव्हा पायथनच्या ईमेल पॅकेजमधला हेडर क्लास वापरा, तो चिन्हं सांभाळून तुकडे पाडतो. त्याची एन्कोड झालेली व्हॅल्यू मिल्टरच्या ॲडहेडर फंक्शनला द्या. वाचताना स्पेस किंवा टॅबने सुरू होणारी ओळ आधीच्याच हेडरची असते, तुमचं रेजेक्स तिथेच मरतं. शिवाय नावात कॅपिटल-स्मॉल सारखंच, आणि एकच हेडर दोनदाही येऊ शकतो. मेसेज ऑब्जेक्टमध्ये नुसतं असाइन केलंत तर जुना बदलत नाही, दुसरा जोडला जातो. आधी डिलीट करा.

आणि हो, बाहेरून येणाऱ्या मेलमध्ये तुमच्या हेडरच्याच नावाचा हेडर आधीच असेल तर आत घेतानाच काढून टाका, तो कोणीही लिहू शकतो. डीकेआयएमने (पाठवणाऱ्याच्या डोमेनची डिजिटल सही) सही केलेल्या हेडरना मात्र हात लावू नका, सही मोडते.

व्हॅल्यू निव्वळ इंग्रजी असेल आणि मेल फक्त अडवायची असेल, तर पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या हेडर-चेक्समध्ये रेजेक्स चालेल. मोडलेल्या ओळी ते जोडून घेतं, पण २०४७चं एन्कोडिंग उलगडत नाही.