‘तुरुमती’ संस्कृत नाही, तुर्की आहे

प्रश्न असा होता की लाल डोक्याच्या छोट्या ससाण्याला तुरुमती (किंवा तुरमती) म्हणतात, तर हा शब्द संस्कृत का, शेवटी ‘मती’ आहे म्हणून. नाही हो, संस्कृतशी काही संबंध नाही. इंदुमती, भानुमतीच्या रांगेत छान बसतो म्हणून तसं वाटतं, पण मूळ शब्द तुर्की (म्हणजे फक्त तुर्कस्तानची भाषा नव्हे, मध्य आशियातल्या तुर्की भाषांचं कुटुंब), ‘तुरुमताय’.

महमूद अल-काश्गरीने १०७० च्या दशकात तुर्की बोलींचा मोठा कोश अरबीत केला, त्यात हा शिकारी पक्षी म्हणून नोंदलेला आहे, आणि शब्द अजून जिवंत आहे बरं का, कझाक आणि किरगीझ लोक आजही तुरुमतायच म्हणतात (कझाक उच्चार थोडा वेगळा), अर्थ मर्लिन, हाही एक छोटा ससाणा. तुर्की भाषा बोलणाऱ्या लोकांना शिकारी पक्ष्यांचं एवढं वेड की माणसांची नावंसुद्धा तीच, तुग्रुल काय, सुंगुर काय. तुर्कस्तानात अमास्या शहरात १३व्या शतकातल्या एका सेल्जुक (तिथलं तेव्हाचं तुर्की राजघराणं) अमीराची कबर आहे, त्याचं नावच तोरुमताय!

आता मर्लिनचं नाव आपल्या पक्ष्याला कसं लागलं? मर्लिन भारतात फक्त हिवाळी पाहुणा, तोही मुख्यतः उत्तरेकडे. ससाणे पाळून शिकार करणाऱ्यांची इथली भाषा बरीचशी फारसी वळणाची, तिच्यात तुर्की शब्द आधीच मुरलेले, आणि इथे त्यांना बारा महिने दिसणारा, तसाच चिमुकला, उडत्या पाखरांवर झडप घालणारा हा लाल डोक्याचा ससाणा मिळाला, मग नाव त्याच्याकडे सरकलं असं मला वाटतं. इंग्रजांनीही नेमकं तेच केलं, जुन्या पुस्तकांत हा ‘रेड-हेडेड मर्लिन’ आहे. शेवटच्या ‘ताय’चं ‘ती’ झालं ते आपल्याकडच्या जिभेवर.

पण म्हणून शिकारी पक्ष्यांची सगळी नावं तुर्की समजू नका. शाहीन आणि शिकरा फारसी. बहिरी ससाण्यातलं ‘बहिरी’ अरबी ‘बहर’ म्हणजे समुद्र त्यावरून आलंय, त्या बिचाऱ्याच्या कानांना काहीही झालेलं नाही, तरी लोक बिनधास्त तसा अर्थ सांगतात तेव्हा फार वाईट वाटतं.