पंगतीतला द्रोण आणि द्रोणाचार्य

पंगतीत आमटी-कढीसाठी पानांचा द्रोण मांडतात, त्याचं नाव द्रोणाचार्यांवरून पडलं का, असं विचारलंय. नाही, उलट आहे. भांडं आधीचं, आचार्य नंतरचे. महाभारताच्या आदिपर्वातच कथा आहे की घृताची अप्सरेला पाहून भरद्वाजांचं रेत स्खललं, ते त्यांनी यज्ञाच्या द्रोणात ठेवलं आणि त्यातून मुलगा जन्मला. म्हणून तो द्रोण.

आता तो द्रोण पानांचा नव्हता, लाकडाचा होता. संस्कृतात 'द्रु' म्हणजे झाड, लाकूड. द्रुम हा त्यातलाच, आणि देवदारातला 'दारु'सुद्धा त्याचाच भाऊबंद. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात गाळलेला सोम द्रोणांकडे धावत जातो, आणि सोमयागातलं द्रोणकलश हे मोठं पात्र लाकडीच असतं. पुढे भांड्याचं माप झालं, जसं आपल्याकडे शेर-पायली मोजायचं भांडं आणि माप एकाच नावानं ओळखलं जातं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) कोष्टकच दिलंय: चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण, सोळा द्रोणांची खारी. म्हणजे एका द्रोणात चौसष्ट कुडव. पंगतीतल्या द्रोणात वाटीभर आमटी मावते, यावरून हा शब्द किती लहान भांड्यावर येऊन थांबला ते बघा!

पत्रावळ या शब्दात पान सरळ दिसतं, पत्र अधिक आवली, पानांची ओळ. द्रोणाच्या नावात मात्र पानाचा मागमूस नाही, राहिला तो फक्त खोलगट आकार. पळसाची पानं घ्यायची, कडा उचलून चुणी घालायची आणि बांबूची बारीक चोई टोचून ती पक्की करायची, झाला द्रोण. बूड गोल, त्यामुळे वाढताना तो भाताच्या मुदीला टेकवून ठेवावा लागतो, नाहीतर कढी पानभर. गावगाड्यात पत्रावळी-द्रोण पुरवायचं काम बहुधा गुरवाकडे असे. हातानं टाचलेला द्रोण आता क्वचितच दिसतो, कागदी किंवा चंदेरी साच्यातला येतो, आणि मला त्याची खरंच हळहळ वाटते. पळसाच्या पानात गरम आमटी पडली की जो वास सुटतो तो कागदाला कुठून येणार?

आणखी एक, कारण हे सहसा कुणी जोडून बघत नाही. गुरांना पाणी पाजायची दगडी किंवा लाकडी 'डोण' हाही हाच शब्द, बोलण्यात झिजलेला. हिंदीत पानांच्या द्रोणालाच 'दोना' म्हणतात, तिथे झिजलेलं रूप जेवणाच्या पानावर आलं. मराठीत ते गोठ्यात गेलं आणि पंगतीला अख्खा संस्कृत शब्द राहिला. त्यामुळे 'द्रोण' लिहायचं की 'डोण', याचंही उत्तर मिळतं: पानांचा तो 'द्रोण', पुल्लिंगी, आणि गुरांची ती 'डोण', स्त्रीलिंगी.